पाणीवालीचा चेहरा

बाबा : ...आणि मी म्हणतो, तिला चेहरा हवाच कशाला? लोकांची तक्रार आहे? नाही. फादरांची आहे? नाही. मग तूच का उकरून काढतेस?

मुलगी : बाबा, पाय जरा मागे घ्या. खाली काचेचा तुकडा पडलाय.

बाबा : काच कुठे आहे ते तू मला सांगू नकोस. पंचावन्न वर्षं...

मुलगी : पंचावन्न वर्षं काच कापली, माहीत आहे. पण आता तुम्हाला मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. आणि तुकडा पडलाय बरोबर मध्ये. घ्या मागे.

बाबा : घेतला. बोल.

मुलगी : फादर काय म्हणाले होते? चर्चची रंगीत काचेची खिडकी गळते, शिशाच्या पट्ट्या वाकल्यात, सगळी उतरवा आणि नीट करून परत बसवा. सगळी म्हणजे सगळी. विहीर, घागर, येशूचा झगा, मागचं झाड आणि ती पाणीवाली. झाडाचं एक पान पिचलं होतं, ते मी बदललं. आणि बाईचा अख्खा चेहरा पुसून गेलाय, तो तसाच ठेवू?

बाबा : लोकांना ती तशीच आवडते. मागचे फादर तर तिच्यावर प्रवचन द्यायचे. विहिरीवर आलेली ती बाई कोणीही असू शकते, म्हणून तिला चेहरा नाही, ज्याने त्याने आपला लावून बघावा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

मुलगी : आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून मान डोलवायचात.

बाबा : चांगलं बोलायचे. मान डोलवायला आपल्या बापाचं काय जातं?

मुलगी : तुम्ही तिला चेहरा काढला होतात, बाबा. तुमचा मूळ आराखडा मी माळ्यावरून काढलाय. तिची भुवई एका फटकाऱ्यात ओढलीय. मध्ये कुठे कुंचला उचललेला नाही. मला वीस वर्षांत तशी भुवई साधलेली नाही.

बाबा : खरंच एका फटकाऱ्यात आहे?

मुलगी : तुम्हाला माहीत नाही?

बाबा : आहे, माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मुलगी : बघा, अजून फुशारकी जात नाही. मग एवढी भुवई पुसून गेली तर तुम्ही म्हणता बरं झालं?

बाबा : बरं झालं कोण म्हणतंय? झालं ते झालं म्हणतो. चाळीस वर्षांची खिडकी आहे. मढं उकरून मुंडावळ्या बांधण्यात काय अर्थ आहे?

मुलगी : उशीर झाला. मी नवा चेहरा रंगवलाय.

बाबा : कशावर? तसली काच आता मिळत नाही.

मुलगी : तुमच्या खोक्यात तळाशी एक तुकडा होता. मधासारखा फिकट, आत बुडबुडे. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. तळहाताएवढा.

बाबा : तो कापलास?

मुलगी : कापला, रंगवला. आता भाजायचा राहिलाय. माझ्या विजेच्या भट्टीचा मला भरवसा नाही. तिचा उष्णतेचा काटा साध्या काचेला ठीक आहे. ही जुनी काच. तिच्या दोन कपच्या मी आधी टाकून बघितल्या. एक तडकली, एक मळकी निघाली. हा चेहरा बिघडला तर दुसरा तुकडा जगात नाही. ही काच आजपर्यंत एकाच माणसाने भाजलीय.

बाबा : कोणाबद्दल बोलतेस?

मुलगी : कोणाबद्दल बोलते ते तुम्हाला कळलंय.

बाबा : तो यायचा नाही.

मुलगी : बेकरीतला सकाळचा पाव निघाला की येतो म्हणालेत. म्हणजे अर्ध्या तासात.

बाबा : पोरी! मला न विचारता? एकोणतीस वर्षं तो या दारात आलेला नाही. तुझी आई गेली तेव्हासुद्धा...

मुलगी : आई गेली तेव्हा तुम्ही दोघे सख्खे भाऊ दोन वेगळ्या दारांत उभे होतात. लोक एकाला भेटून दुसऱ्याकडे जायचे, जशी दोन घरची दोन माणसं गेलीत. मी विसरले नाही.

बाबा : माझी काठी कुठे आहे? मी घरी जातो. तुमचं काय ते तुम्ही करा.

मुलगी : काठी मी वर ठेवलीय. आधी एक सांगा. तुम्ही मला शिकवायला घेतलंत तेव्हा पहिली गोष्ट काय शिकवलीत? काच धरणं नाही, कुंचला नाही. ट्रेसिंग पेपरवर चित्र उतरवलं की आधी त्याचा वरचा उजवा कोपरा कापायचा. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, आपल्याकडे तशी रीत आहे.

बाबा : आहेच रीत.

मुलगी : माळ्यावरचे सगळे कागद मी काल पसरले. या खिडकीनंतरचे जेवढे आहेत, सगळ्यांचा कोपरा कापलेला. आधीच्या एकाचाही नाही. पाणीवालीचाही नाही.

बाबा : मग?

मुलगी : ट्रेसिंग पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. पालथा पडला तरी कळत नाही. कोपरा कापलेला असला तरच कळतं.

बाबा : हुशार आहेस. आईवर गेलीस.

मुलगी : आणि तिचा जुना चेहरा मी पट्टीतून सोडवला तेव्हा आधी नख फिरवलं, तुम्ही शिकवलंत तसं. रंगाची बाजू खरखरीत लागते. रंग नेहमी आतल्या बाजूला, चर्चच्या आत. येशूचा आत आहे. घागरीचा आत आहे. झाडाच्या पानापानाचा आत आहे. तिचा एकटीचा बाहेर होता, बाबा. ऊन-पावसाच्या तोंडावर.

बाबा : काठी दे.

मुलगी : देणार नाही.

बाबा : उद्घाटनाला दोन दिवस राहिले होते. मी एकटा परांचीवर होतो. सगळे तुकडे बसत गेले, आणि तिचा चेहरा बसेना. कागद पालथा पडला होता. त्यावरूनच कापला, त्यावरूनच रंगवला. सगळा चेहरा उलटा. नवा करायचा तर कापा, रंगवा, भाजा, निवू द्या, चार दिवस. खाली मांडव घालायला माणसं आली होती. मी तुकडा हातात फिरवला. पालथा केला, तर असा बसला, जसा पाण्यात मासा.

मुलगी : आणि रंग बाहेर गेला.

बाबा : मला वाटलं, छोट्याची, तुझ्या काकाची भट्टी आहे. त्याने भाजलेला रंग खिळ्याने खरवडला तरी निघत नाही. राहील. आणि राहिला, तुला सांगतो. अकरा वर्षं राहिला. मग एका पावसाळ्यानंतर डोळे गेले, मग नाक.

मुलगी : मग चर्चच्या कमिटीची माणसं इथे आली.

बाबा : सहा जणं. तू लहान होतीस. आणखी सात खिडक्यांचं काम द्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी विचारलं, मास्तर, हे कसं झालं? मी तोंड उघडलं, आणि आतून जे बाहेर आलं ते असं, की भट्टी कच्ची राहिली असावी. छोट्या मागेच उभा होता. त्याने हातमोजे काढले, त्या खिळ्याला अडकवले आणि गेला. मला वाटलं, संध्याकाळी येईल. मग सांगू.

मुलगी : मोजे अजून तिथेच आहेत.

बाबा : मीच हलवू दिले नाहीत.

मुलगी : आज ते सांगायचं, बाबा. काका आले की. नाहीतर मी चेहरा भाजायला देणार नाही. कोरीच काच बसवीन, आणि तुम्ही डोलवा मान आयुष्यभर.

बाबा : मला कसं जमेल ते?

मुलगी : जमेल. तुम्ही सहा माणसांसमोर खोटं बोललात. खरं एका माणसासमोर बोलायचंय.

काका : एका कुठल्या? दार उघडं आहे, आत येऊ का? चिमणे, हा गरम पाव घे. हात भाजेल, खालून धर.

मुलगी : या काका. बसा.

काका : बसायला आलो नाही. टेबलापर्यंत आलोय, भट्टीपर्यंत येणार नाही, आधीच सांगतो. तुला काच कशी भाजायची ते तोंडी सांगतो आणि जातो. ह्यांना सांग, आम्ही आलोय.

मुलगी : ते इथेच बसलेत, काका. तुमच्यापासून दोन हातांवर.

काका : दिसतंय मला. त्यांना दिसतं का?

बाबा : त्याला सांग, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तो कडेला उभा आहे तोवर दिसतोय. म्हातारा झालाय.

काका : त्यांना सांग, आरशात बघा.

मुलगी : मी काय पोस्टमन आहे का दोघांचा? एकाच खोलीत आहात.

काका : बरं. काच दाखव. हं. हीच ती. हिच्यात बुडबुडे आहेत, म्हणून ती घाईला चिडते. आच हळूहळू चढवायची. शेवटी झरोक्यातून बघायचं. रंग आधी मातीसारखा कोरडा दिसतो, मग एकदम ओला झाल्यासारखा चमकतो. चमकला की बंद. एक श्वास आधी नाही, एक श्वास नंतर नाही. मग दार उघडायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत. सांगितलं. निघतो.

मुलगी : काका, तो एक श्वास मला कसा कळेल? तुम्हीच लावा ना भट्टी. जुनी गॅसची भट्टी आहे मागे, मी धुराडं साफ केलंय.

काका : नाही गं. तो माणूस गेला. हल्ली मी फक्त पाव भाजतो. पाव कच्चा राहिला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणून देतं. काच कच्ची राहिली तर अकरा वर्षांनी कळतं. तेवढा धीर आता नाही.

मुलगी : पण तुमची काच कच्ची नव्हती.

काका : पुरावा तर खिडकीतच होता. सगळं गाव बघत होतं. आणि मला स्वतःलाही सांगता येईना. त्या दिवसाची मी किती वेळा उजळणी केली असेल! वारा कुठला होता. झरोका मी कितीदा उघडला. एक श्वास आधी बंद केली का? आणि त्यात माझं डोकंही मला साथ देईना. तुला गंमत सांगतो. माझी सवय होती, ट्रेमध्ये तुकडे खिडकीत असतात तसेच मांडायचे. त्या दिवशी डावीकडे येशू ठेवला, उजवीकडे ही बाई. आणि मला स्पष्ट आठवतं, बाईची येशूकडे पाठ! मी वहिनीला बोलावून दाखवलंसुद्धा, म्हटलं बघ, यांचं भांडण झालंय. वहिनी हसली. आणि चर्चमध्ये बघतो तर दोघे समोरासमोर. म्हणजे माझी आठवणच खोटी. मग म्हटलं, ज्याला एवढं साधं नीट आठवत नाही, त्याने आच बरोबर दिली होती असं कुठल्या तोंडाने म्हणावं? म्हणून गप्प बसलो.

मुलगी : बाबा.

काका : काय झालं? हे असे का बसलेत? चिमणे, पाणी दे त्यांना.

बाबा : पाणी नको. छोट्या, इकडे ये. माझ्यासमोर नको, कडेला उभा राहा, मला दिसशील असा. तुझी आठवण खरी आहे.

काका : काय?

बाबा : तिची पाठच होती. ती बाई मी उलटी काढली होती. कागद पालथा पडला होता. परांचीवर कळलं. मग मी तिला फिरवून बसवली. रंगाची बाजू बाहेर. तुझी भट्टी कच्ची नव्हती. मला ते त्याच दिवशी माहीत होतं.

काका : त्याच दिवशी म्हणजे बसवली त्या दिवशी?

बाबा : आणि त्या सहा जणांसमोरही माहीत होतं.

मुलगी : काका, ही जुनी काच. हात लावा. ही कड बघा. चारी बाजूंनी शिशाची पट्टी असते ना, तिच्याखाली काचेची जेवढी कड झाकली जाते, तेवढ्या जागी पाऊस पोचला नाही. तांदळाच्या दाण्याएवढी रुंदी आहे. बघा रंग.

काका : ओढणीची किनार आहे ही.

मुलगी : हो.

काका : काळी कुळकुळीत. चमकतेय. काल भाजल्यासारखी.

मुलगी : नख लावा.

काका : लावलं. चाकू आहे का?

मुलगी : हा घ्या.

काका : निघत नाही. चिमणे, चाकूने निघत नाही!

बाबा : निघणारच नाही.

काका : तू गप्प बस, दादा. तू अजिबात बोलू नकोस. किती वर्षं ते सांग.

बाबा : बोलू की गप्प बसू?

काका : किती वर्षं टिकला? बाहेरच्या बाजूने?

बाबा : अकरा.

काका : अकरा पावसाळे. उघड्यावर. पश्चिमेची भिंत आहे ती, सगळी झड तिथेच लागते. दुसऱ्या कुणाची भट्टी असती तर दोन वर्षांत धुऊन निघाली असती. अकरा! चिमणे, ऐकलंस?

मुलगी : ऐकलं, काका.

काका : आणि हा माणूस मला कच्चा म्हणाला. मी रोज सकाळी अंथरुणात पडून विचार करायचो, माझा हात कधीपासून बिघडला. एकोणतीस वर्षं सकाळी हा विचार, दादा. दात घासायच्या आधी.

बाबा : माझं चुकलं.

काका : चुकलं काय? चूक म्हणजे कागद पालथा पडणं. ती कुणाचीही होते. हे चुकणं नव्हे.

बाबा : नव्हे. मी खोटं बोललो. मला सात खिडक्यांचा मोह झाला. आणि नाव जाईल याची भीती वाटली. तुझं घालवलं.

काका : त्या सात खिडक्या केल्यास?

बाबा : केल्या. विजेच्या भट्टीत भाजून. एकीतही तुझ्यासारखी चमक नाही. डोळे होते तोवर मला ते रोज दिसायचं.

काका : बरं झालं.

मुलगी : काका, रागवा हवं तर. ओरडा. मी बाहेर जाते.

काका : ओरडू कशाला? घसा बसेल. मी विचार करतोय. सहा जणांसमोर बोलला होता. त्यातले चार गेले. मग आता कुणासमोर सांगणार?

बाबा : तू म्हणशील त्यांच्यासमोर.

काका : रविवारी. प्रार्थना संपल्यावर, खिडकीखाली उभं राहून. सगळ्यांसमोर. फादरांना आधी सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

बाबा : सांगीन.

काका : आणि लांबण लावायची नाही. तुला बोलायला उभं केलं की तू शिशाच्या खाणीपासून सुरुवात करतोस.

बाबा : थोडक्यात सांगीन.

काका : चिमणे, ते खिळ्यावर काय लटकलंय?

मुलगी : तुमचे मोजे.

काका : कडक झालेत. पुठ्ठ्यासारखे. एवढे दिवस तेल लावायला काय झालं होतं कुणाला? आण इकडे. आणि धुराडं कुणी साफ केलं म्हणालीस? तू? मग मी पुन्हा बघतो. आणि एक सांग, नव्या चेहऱ्याची रंगाची बाजू कुठली?

मुलगी : वरची. कोपरा कापलाय कागदाचा.

काका : तरी एकदा येशूचा तुकडा आण. शेजारी ठेवून बघू. आज भांडण नको.

बाबा : बघतायत का एकमेकांकडे?

मुलगी : बघतायत, बाबा. समोरासमोर.

काका : लाव काडी. हळू. अजून हळू. हां. आता कुणी दार वाजवलं तरी उघडायचं नाही. तो पाव फोडा, निवतोय. दादा, तुला कडेचा लागतो ना अजून? घे.

बाबा : तुला आठवतं?

काका : माझी आठवण चांगली आहे. आताच सिद्ध झालंय.

मुलगी : काका, हा चेहरा तुम्ही नीट बघितला नाहीत. कसा झालाय?

काका : बघितला. भुवई दोनदा ओढलीस.

मुलगी : कळलं?

काका : मी भट्टीवाला आहे, आंधळा नाही. पण ओठ... दादा, तुला दिसत नाही म्हणून सांगतो. तुझ्या बाईचे ओठ नुसते सुंदर होते. हिच्या बाईचे ओठ बोलतायत. आता घागर खाली ठेवून ती काहीतरी विचारणार आहे, असे.

बाबा : असं?

काका : तुझ्यापेक्षा सरस आहे पोरगी.

बाबा : ते मला माहीत होतं. ओठांचं माहीत नव्हतं.

मुलगी : दोघेही गप्प बसा. आणि झरोका बघा.

काका : बघतोय. अजून कोरडा आहे. मातीसारखा. आच चढतेय. कडा तांबूस झाल्या. दादा, घाम फुटलाय मला.

बाबा : भट्टीसमोर फुटायचाच.

काका : तो नाही. भीतीचा आहे. आता चमकेल. की आता चमकलाय? हा उजेडाचा भास आहे का? दादा, तू एकदा बघ.

बाबा : मला दिसत नाही, छोट्या.

काका : मग सांग तरी. तुला अंदाज आहे. बंद करू का?

बाबा : मी सांगणार नाही. या भट्टीबद्दल मी एकदा बोललो, ते जन्मभर पुरे झालं. तू सांग.

काका : दादा...

बाबा : तू सांग.

काका : थांबा. थांबा जरा. अजून नाही. अजून... बंद! चिमणे, गॅस बंद कर!

मुलगी : केला. काका, चमकला?

काका : उद्या विचार. आता दार उघडायचं नाही.

(रविवार. सकाळची प्रार्थना कधीच संपलेली, लोक घरी गेलेले. तिघे पुढच्या बाकावर, पश्चिमेच्या खिडकीखाली. दुपारचे कलते ऊन आलेले.)

काका : थोडक्यात सांगतो म्हणाला होतास. बावीस मिनिटं बोललास. मी घड्याळ बघत होतो.

बाबा : शिशाच्या खाणीचा विषय काढला का? नाही ना? मग झालं.

काका : माझं नाव चारदा घेतलंस. एकदा पुरलं असतं.

मुलगी : काका, चौथ्या वेळी तुम्ही मान वर करून मागे बघत होतात, कोण कोण बसलंय ते.

काका : मान अवघडली होती.

बाबा : लोक काय म्हणाले? मला नुसता आवाज आला, तोंडं दिसली नाहीत.

मुलगी : आधी त्या चष्मेवाल्या आजी उठल्या, त्या जुन्या कमिटीवाल्यांच्या विधवा. काकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, आमच्या घरीसुद्धा तुम्हाला कच्चा म्हणायचे हो, मीही म्हटलंय.

बाबा : मग? काय म्हणालास तू?

काका : म्हटलं, उद्यापासून पाव माझ्याकडून घेत जा. फिटलं.

मुलगी : आणि फादर म्हणाले, आता त्या जुन्या प्रवचनाचं काय करायचं? बिनचेहऱ्याचं?

बाबा : त्यांना म्हणावं, नवं लिहा. आम्ही चेहरा नवा केला, तुम्ही एवढं करा. पोरी, कशी दिसते ती? सांग मला.

मुलगी : तुम्ही बघा ना. तुम्हाला कडेचं दिसतं. सरळ तिच्याकडे बघू नका. तोंड वेदीकडे करा. हां, तसंच. आता डोळ्याच्या कोपऱ्यात काय आहे?

बाबा : निळं आहे. तो झगा. मधासारखं काहीतरी आहे. थांब. ती आहे. तोंड किंचित उघडंय तिचं.

काका : विचारतेय काहीतरी.

बाबा : हो रे. विचारतेय. पोरी, हे तू केलंस?

मुलगी : आपण केलं. भुवई तुमच्या कागदावरची, चमक काकांची.

काका : ओठ तिचे.

बाबा : तिचेच. उभा राहून परत सांगू का सगळ्यांना? सकाळी हे सांगायचं राहिलं.

काका : बस खाली. आता ऐकायला कबुतरंसुद्धा नाहीत.

मुलगी : खाली बघा दोघे. फरशीवर. तिचा रंग तुमच्या चपलांवर पडलाय.

बाबा : माझ्या?

मुलगी : दोघांच्या. पाय हलवू नका.

काका : दादा, तुझी चप्पल तुटलीय.

बाबा : तू माझ्या चपलेकडे बघू नकोस. आणि ती जुनी काच कुठे आहे? पोरगी म्हणाली, तू मागून घेतलीस.

काका : माझ्याकडे आहे. बेकरीच्या खिडकीत लावली. मापाची चौकट केली, बसवली.

बाबा : त्यात बघण्यासारखं काय राहिलंय? कोरी काच, आणि काठाला तेवढी किनार.

काका : तेवढीच बघायला लावलीय.

बाबा : रंगाची बाजू आत ठेवलीस ना?

काका : बाहेर.

बाबा : छोट्या, अरे पाऊस लागेल तिला.

काका : लागू दे.